वाळवंटातील खोदचित्रांची नोंद कशी करावी

अमेरिकेतील न्यू मेक्सिको किंवा ॲरिझोनाच्या वाळवंटात हौसेने नोंदी करणाऱ्याने कॅमेरा काढण्यापूर्वी जमीन कोणाच्या मालकीची आहे, याची चौकशी करावी. कारण होपी या तेथील मूळनिवासी लोकांच्या गावांत छायाचित्रे काढणेच काय, रेखाटन करणेही निषिद्ध आहे, आणि संघराज्य सरकारच्या जमिनीवरून प्राचीन खापराचा तुकडा विनापरवाना उचलणे हा १९७९ च्या कायद्यानुसार गुन्हा ठरतो.

खोदचित्र म्हणजे खडकावरचा मँगनीज व लोहाच्या संयुगांचा काळपट थर फोडून आतला फिकट दगड उघडा पाडणे. त्यामुळे सारे काही प्रकाशावर अवलंबून असते. ऊन समोरून पडले की रेषा सपाट दिसतात. ते शिळेला घासून तिरपे जाऊ लागले की पुसट ठोकेसुद्धा उठून दिसतात. कोकणातील कातळशिल्पे बहुतेक आडव्या सड्यावर असल्याने ती वरून टिपता येतात, येथे मात्र उभ्या शिळांसमोर उन्हाची वाट पाहावी लागते. रेषा स्पष्ट व्हाव्यात म्हणून खडू फिरवणे, पाणी शिंपडणे किंवा कागद ठेवून घासणे कटाक्षाने टाळावे. प्रत्येक शिळेचे दुरून, मध्यम अंतरावरून आणि जवळून छायाचित्र घ्यावे, जवळच्या चित्रात मोजपट्टी ठेवावी आणि शिळेचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहावे. वहीत ‘सूर्य’ असे न लिहिता ‘पाच वेढ्यांचे सर्पिल’ असे लिहावे. अर्थ लावण्याचा पहिला अधिकार प्युब्लो, म्हणजे या प्रदेशात पूर्वी दगडी वस्त्या उभारणाऱ्या मूळनिवासी लोकांच्या, वंशजांचा आहे, असे मला वाटते.

पडक्या प्युब्लो वस्त्यांत भिंतींवर चढू नये, टेकूही नये. दगड रचण्याची पद्धत नोंदवावी, पण तिच्यावरून काळ सांगण्याचा मोह आवरावा. या प्रदेशातील वास्तूंची निश्चित वर्षे १९२९ नंतर लाकडी तुळयांमधील वृक्षवलयांवरून (खोडातील वार्षिक वर्तुळांवरून) ठरू लागली.

हौशी नजरेचे मोल कमी नाही. १९७७ मध्ये न्यू मेक्सिकोतील चाको खोऱ्यातील फहादा टेकडीवर खोदचित्रे नोंदवताना, शिळांच्या फटीतून सर्पिलावर पडणारी सुरीच्या आकाराची उन्हाची तिरीप ॲना सोफेअर या चित्रकार स्त्रीला दिसली. पुढे मात्र तेथील येण्याजाण्याने त्या शिळांच्या पायथ्याची माती झिजली, शिळा सरकल्या आणि टेकडी लोकांसाठी बंद करावी लागली. म्हणूनच अक्षांश-रेखांश जाहीर करू नयेत, मोबाइलच्या छायाचित्रांत दडलेले स्थानही काढून टाकावे आणि संपूर्ण नोंद जमिनीची देखभाल करणाऱ्या कार्यालयातील पुरातत्त्वज्ञाकडे सोपवावी.