बाथरूमचं काम काढलंय, तर जुना गीझर ठेवायचा की काढायचा?

बाथरूम फोडायला घेतलं की गीझरचा विषय निघतोच. गवंडी म्हणतो, "एवढं सगळं नवीन करताय, मग हा जुना परत कशाला टांगता?" घरातलं कुणीतरी म्हणतं, "चालतोय की चांगला." मी गीझर दुरुस्तीची आणि बाथरूमच्या वायरिंगची कामं करते. माझं म्हणणं असं, की गीझर भिंतीच्या बाहेर लटकतो. तो पुढच्या वर्षी बिघडला तरी अर्ध्या दिवसात उतरवून दुसरा लावता येतो. भिंतीच्या आतलं काम मात्र टाईल्स बसल्या की हाताबाहेर गेलं. म्हणून पाईप, वायर, टांगायची जागा हे सगळं आत्ताच नवं करायचं, आणि गीझरचा निर्णय त्याची तब्येत बघून घ्यायचा. वय बघून नाही.

तब्येत बघायची ती तोडफोड सुरू होण्याआधी, पाणी आणि वीज चालू असताना. एकदा पाण्याची लाईन तुटली की गीझर चांगला होता का वाईट, हे कुणालाच सांगता येत नाही.

पहिली तपासणी घड्याळाची. गीझरच्या अंगावरच्या पट्टीवर लिटर आणि वॅट लिहिलेले असतात. टाकीतलं पाणी किती लिटर, ते किती अंश तापवायचं, या दोन आकड्यांचा गुणाकार करा, त्याला ०.०७ ने गुणा आणि किलोवॅटने भागा. उत्तर मिनिटांत येतं. २५ लिटरची टाकी, २० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत, २ किलोवॅटची कॉईल (टाकीत पाणी तापवणारा भाग): साधारण ३५ मिनिटं. नळाचं गार पाणी थर्मामीटरने मोजा, टाकी पूर्ण गार असताना गीझर चालू करा आणि दिवा विझेपर्यंत वेळ बघा. मग गरम पाणीही मोजा. दिवा लवकर विझला आणि पाणी कोमटच असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग, बिघडलाय, तो बदलता येतो. वेळ फारच जास्त लागला तर आधी घरातलं व्होल्टेज तपासून घ्या. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळत असतील, तर कॉईलची ताकद जवळजवळ चतुर्थांशाने घटते आणि ३५ मिनिटांची ४५ च्या वर जातात. त्यात गीझरचा काही दोष नसतो.

इथेच विजेच्या बिलाचंही सांगते, कारण "नवा घेतला की वीज वाचेल" हे वाक्य फार ऐकू येतं. कॉईल पाण्यात बुडालेली असते, तिच्यातून जाणारी जवळजवळ सगळी वीज पाण्यातच उतरते. जुनी कॉईल असो वा नवी, तेवढंच पाणी तेवढंच तापवायला तेवढीच वीज लागते. फरक पडतो तो तापलेलं पाणी किती वेळ गरम राहतं यात. रात्री पाणी तापवून स्विच बंद करा आणि सकाळी पाईपमधलं गार पाणी निघून गेल्यावर येणारं पाणी बघा. ते चांगलं गरम निघालं, तर टाकीभोवतीचं आवरण ठीक आहे. पार गार निघालं, तर आवरण गेलेलं आहे. बऱ्याच जुन्या गीझरमध्ये काचलोकर असते, ती एकदा ओली झाली की उष्णता धरत नाही. हल्लीच्या गीझरमध्ये फोम भरलेला असतो, तो जास्त टिकाऊ. पण तुम्ही आंघोळीआधी अर्धा तास गीझर लावून नंतर बंद करणारे असाल, तर या फरकाने बिलात फारसं काही हलत नाही. दिवसभर चालू ठेवणाऱ्यांनी मात्र तो मनावर घ्यावा.

आता गळती. "ताई, टाकी फुटली वाटतं, खालून ठिबकतंय," असं म्हणून लोक चांगले गीझर भंगारात काढतात. आधी ठिबकतंय कुठून ते बघा. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० पर्यंत नेलं तर ते पाव लिटरहून थोडं जास्तच वाढतं. ते पाणी मागे लाईनमध्ये जाऊ शकलं नाही, तर सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर येतं. तापताना ठिबकतं आणि तापून झाल्यावर थांबतं, तर व्हॉल्व्ह त्याचं कामच करतोय. त्याचं तोंड बूच मारून कधीही बंद करू नका, दाबाने टाकी फुटू शकते. कॉईलच्या गोल झाकणाच्या कडेने पाणी येत असेल तर रबरी गॅस्केट गेलंय, तेही बदलता येतं. पण बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातून तपकिरी ओघळ येत असेल आणि झाकण, व्हॉल्व्ह, जोड सगळं कोरडं असेल, तर आतली टाकी कुजली आहे. अशा स्टीलच्या टाकीवर मी हात टाकत नाही. आतलं काचेचं अस्तर एकदा तडकलं की एक भोक बुजवलं तरी शेजारी दुसरं पडतं. तो गीझर काढायचाच.

गरम पाणी लालसर येतं म्हणूनही गीझरवर खापर फुटतं. आउटलेटचा कनेक्शन पाईप सोडून थेट गीझरमधलं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या. ते स्वच्छ निघालं तर गंज भिंतीतल्या जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपचा आहे, आणि तो पाईप या कामात निघणारच आहे.

सगळ्यात खरं उत्तर मात्र झाकण उघडल्यावरच मिळतं. हे घरी करू नका, माणूस बोलवा, पण शेजारी उभं राहून बघा. एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पाडायचा, पाणी बंद करायचं, टाकी पूर्ण रिकामी करायची आणि झाकणाचे नट सोडायचे. झाकणाबरोबर कॉईल बाहेर येते, आणि बहुतेक गीझरमध्ये तिच्या शेजारी एक दांडी असते, मॅग्नेशियमची. हा एनोड रॉड. टाकीच्या स्टीलला लागणारा गंज तो स्वतःवर घेतो आणि झिजत जातो. नवा असताना बोटाएवढा जाड, राखाडी आणि एकसारखा असतो. काढल्यावर तो खडबडीत, खड्डे पडलेला, पण अर्ध्याहून जास्त शिल्लक दिसला, तर टाकी अजून सुरक्षित आहे. निम्म्याच्या खाली आला असेल तर लगेच नवा टाकायचा. आणि जागेवर नुसती आतली तार उरली असेल, तर टॉर्च घेऊन टाकीत डोकावा. अस्तर निळसर, चकचकीत, अखंड दिसलं तर नशीब चांगलं, नवा रॉड घालून ठेवा. सांध्यापाशी तपकिरी फोड दिसले तर पुढचा विचार करू नका, बदला.

कॉईलवर पांढरट थर असतो, तळाशी खपल्या साचलेल्या असतात. हा पाण्यातला क्षार, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तो गार पाण्यात विरघळलेला राहतो आणि तापवलं की बाहेर पडतो, म्हणून थर्मोस्टॅट फार वर ठेवणाऱ्यांकडे जास्त साचतो. थराखाली कॉईल अति तापून जळते. पण कॉईल बदलता येते, तेवढ्यासाठी गीझर काढायची गरज नाही. फक्त तुमच्या मॉडेलचं झाकण, कॉईल, थर्मोस्टॅट अजून बाजारात मिळतात का, ते आधी विचारून घ्या. सुटे भाग मिळत नसतील तर धडधाकट गीझरही पुढच्या बिघाडाला अडेल. आणि नळाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर दुरुस्ती होईपर्यंत गीझर बंद. कॉईल आणि अर्थिंग दोन्ही तपासून घ्यायचं, नुसती कॉईल बदलून थांबायचं नाही.

तब्येत चांगली असूनही गीझर काढावा लागतो, ते बाथरूमच बदलतं म्हणून. साध्या हँड शॉवरच्या जागी मोठा रेन शॉवर येतो. ६० अंशांचं २५ लिटर पाणी २० अंशांच्या पाण्यात मिसळलं तर ४० अंशांचं ५० लिटर होतं. मिनिटाला १० लिटर सोडणारा शॉवर ते पाच मिनिटांत संपवतो. तुमची टाकी १० लिटरची असेल तर हिशेब तुम्हीच करा. त्याहून महत्त्वाचा प्रेशर पंप. पंप बसवणार असाल तर गीझरच्या पट्टीवरचा दाबाचा आकडा बघा. ०.८ मेगापास्कल म्हणजे ८ बार. पंपाचा दाब आणि वरच्या टाकीच्या उंचीचा दाब, दर १० मीटरला सुमारे १ बार, यांची बेरीज त्या आकड्याच्या बऱ्यापैकी खाली राहिली पाहिजे. राहत नसेल तर जुना गीझर या लाईनवर लावूच नका. तसंच फॉल्स सीलिंगमध्ये लपवायचा म्हणून उभा गीझर आडवा टांगू नका. आत हवा अडकते, कॉईल उघडी पडते आणि जळते.

बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल तर माझं उत्तर एकच: या कामात तो बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, आणि बंद बाथरूममध्ये माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. उघड्या, हवा खेळत्या जागी न्या किंवा विजेचा घ्या.

भिंतीचं काम आता. गीझर ठेवा किंवा बदला, गरम पाण्याची लाईन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची, नवीन टाका. साधा पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. आज २ किलोवॅटचा गीझर असला तरी ४ चौरस मिलिमीटरची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) घ्या, म्हणजे उद्या ३ किलोवॅटचा आला तरी भिंत फोडावी लागणार नाही. भरलेला २५ लिटरचा गीझर ३५-४० किलोंच्या आसपास जातो. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर टाईल्स लावण्याआधीच आरपार बोल्टची सोय करा, साधे फास्टनर त्यात धरत नाहीत. सेफ्टी व्हॉल्व्हखाली निचऱ्याची छोटी नळी काढा. गच्चीवर पुढेमागे सोलर बसवायचा विचार असेल तर एक रिकामी लाईन वर नेऊन बूच मारून ठेवा. आणि फॉल्स सीलिंगमध्ये झाकण उघडून दोन्ही हात आत जातील एवढी खिडकी हवी. हे मी हात जोडून सांगते, कारण खिडकी नसली की एका गॅस्केटसाठी अख्खं सीलिंग उतरवावं लागतं.

टाईल्सच्या आधी लाईनची प्रेशर टेस्ट होते, कामाच्या दाबाच्या दीडपट. तेव्हा गीझर जोडलेला नको. गार आणि गरम लाईन एका कनेक्शन पाईपने जोडून टेस्ट घ्या.

जुना गीझर ठेवायचं ठरलं तर तो पूर्ण रिकामा करून, उभा, पोत्यात गुंडाळून, मजुरांच्या वाटेपासून लांब ठेवा. आपटला तर अस्तर तडकतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. कोरडं पडलेलं जुनं गॅस्केट परत बसवू नका, नवं घ्या. टांगून झाल्यावर आधी पाणी भरा. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा, फुसफुस थांबून सलग धार येईपर्यंत थांबा, मगच स्विच दाबा. पहिल्यांदा पाणी पूर्ण तापलं की झाकणाच्या कडेने आणि दोन्ही जोडांवरून कोरडा कागद फिरवून बघा, आणि दुसऱ्या दिवशी गार असताना परत एकदा.