पाठीवरचं ओझं आधी, अर्थ नंतर
जॉन बनियनचं १६७८ सालचं ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ (हरी केशवजींनी १८४१ मध्ये मराठीत आणलेलं ‘यात्रिकक्रमण’) म्हणजे पाठीवर ओझं घेऊन स्वर्गनगरीकडे निघालेल्या यात्रेकरूची रूपककथा. ती पाच-सहा वर्षांच्या मुलांना वाचून दाखवू नका, तोंडी सांगा. रात्री एकच प्रसंग. दप्तरात चार जाड पुस्तकं भरून पोराच्या पाठीवर द्या. यात्रेकरू क्रुसापाशी पोहोचला की झटकन उतरवा. पोर हुश्श करतं, तेवढं पुरे; ‘ओझं म्हणजे पाप’ हे त्यानं विचारलं तरच सांगा. अपोल्योन या राक्षसाशी होणारी लढाई झोपताना नको, दिवसा. सुरुवातीलाच यात्रेकरू बायकामुलांना सोडून निघतो, तिथे मुलं हमखास रडवेली होतात. तेव्हा लगेच सांगून टाका: दुसऱ्या भागात त्याची बायको चारही मुलांना घेऊन त्याच वाटेनं निघते.