पहिले चलन भरण्याआधी: पे-रोल विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

मी एका मध्यम आकाराच्या कारखान्याच्या पे-रोल विभागात रुजू झाले तेव्हा पीएफचे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचे, दर मला तोंडपाठ होते. कर्मचाऱ्याचे 12 टक्के, कंपनीचे 12 टक्के, कंपनीच्या वाट्यातले 8.33 टक्के पेन्शनला आणि उरलेले 3.67 टक्के भविष्य निर्वाह निधीला, वेतनाची मर्यादा 15,000 रुपये आणि पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत चलनाने रक्कम भरणे. हे तुम्हालाही येत असणार, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. मला जे ठाऊक नव्हते ते एवढेच की पेन्शनचे ते 8.33 टक्के प्रत्येक कर्मचाऱ्याच्या बाबतीत कापून वेगळे काढायचे नसतात. या एका अज्ञानापायी मी चार वर्षे दर महिन्याला तीच चूक करत राहिले आणि तिची झळ मला नव्हे, तर दुसऱ्यांना लागली. त्यामुळे या लेखाचा बराचसा भाग त्या एकाच गोष्टीवर खर्च करणार आहे, आणि तो कोणी घाईने वाचू नये अशी माझी मनापासून विनंती आहे.

नियम असा आहे. 1 सप्टेंबर 2014 पासून पीएफची वेतनमर्यादा 6,500 वरून 15,000 रुपये झाली आणि त्याच दिवसापासून 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत प्रवेश मिळण्याची अटही बदलली. या तारखेला किंवा तिच्यानंतर जो माणूस आयुष्यात प्रथमच पीएफचा सदस्य होतो आणि सदस्य होतानाच ज्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 15,000 रुपयांहून अधिक असतात, तो पेन्शन योजनेचा सदस्य होऊच शकत नाही. त्याच्या बाबतीत कंपनीचे संपूर्ण 12 टक्के भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात, म्हणजे आपण ज्याला खाते क्रमांक 1 म्हणतो त्यात, जायला हवेत आणि पेन्शनच्या खाते क्रमांक 10 मध्ये शून्य दिसायला हवे. याउलट, जो आधीपासून पेन्शन योजनेत आहे, त्याचा पगार आज कितीही असला तरी तो योजनेतून बाहेर पडत नाही. त्याचे 15,000 रुपयांवरचे 8.33 टक्के, म्हणजे दरमहा 1,250 रुपये, पेन्शनला जातच राहतात. जो 14,000 रुपयांवर लागला आणि दोन वर्षांनी 18,000 वर गेला, त्यालाही हेच लागू पडते. आजचा पगार पाहून यातले काहीही ठरवायचे नसते. सदस्य होण्याची तारीख, त्या दिवशीचे वेतन आणि आधीचे सदस्यत्व या तीन गोष्टी पाहून ठरवायचे असते, आणि या तीनही गोष्टी पगारपत्रकात कुठेच दिसत नाहीत.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या कर्मचाऱ्याची नोंद करताना पेन्शनच्या रकान्यात आपोआप ‘होय’ येत असे. मी ज्यांच्या हाताखाली होते त्या वरिष्ठांना मी एकदा विचारलेही होते. ‘सगळ्यांनाच 1,250 लावतो आपण,’ असे त्यांनी सांगितले आणि मी गप्प बसले. चार वर्षांनी नोकरी सोडून गेलेल्या एका अभियंत्यांचा पीएफचे पैसे काढण्याचा दावा पीएफ कार्यालयातून नामंजूर होऊन परत आला. ते रुजू झाले तेव्हा त्यांचे मूळ वेतन 40,000 रुपये होते आणि ती त्यांची पहिलीच नोकरी होती. पेन्शन योजनेत नसतानाही त्यांच्या नावे 48 महिने 1,250 रुपये, म्हणजे 60,000 रुपये, पेन्शन खात्यात गेले होते. त्या खात्यावर सदस्याच्या नावाने व्याज जमा होत नाही, त्यामुळे पासबुकात त्यांना एवढी वर्षे व्याजाविना केवळ भरलेली रक्कमच दिसत राहिली. ते स्वतः कागद घेऊन आले, माझ्या टेबलासमोर बसले आणि म्हणाले, ‘मॅडम, चूक कोणाची ते मला विचारायचे नाही, पैसे कुठे आहेत तेवढे सांगा.’ मला सांगता आले नाही.

याच्या उलट चूक अधिक घातक असते, कारण ती वर्षानुवर्षे कोणाच्याच लक्षात येत नाही. समजा, एका बाईंनी आधीच्या नोकरीत आठ वर्षे पेन्शन योजनेत काढली आहेत. त्या तुमच्याकडे 50,000 च्या मूळ वेतनावर येतात आणि तुम्ही नियमाचा अर्धाच भाग लक्षात ठेवून त्यांना ‘पेन्शन लागू नाही’ असे नोंदवता. तीन वर्षांनी त्यांची खरी पेन्शनपात्र सेवा अकरा वर्षांची असायला हवी, पण नोंदीत आठच राहते. मासिक पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. पेन्शनचे सूत्र, शेवटच्या 60 महिन्यांचे सरासरी पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले 70, असे आहे; 15,000 वर अकरा वर्षांचे सुमारे 2,357 रुपये दरमहा होतात. ही रक्कम तुम्हाला थोडी वाटेल, परंतु वयाच्या 58 व्या वर्षापासून ती त्यांना हयातभर आणि त्यांच्या मागे कुटुंबाला मिळायची होती. ती तुमच्या एका चुकीच्या खुणेने गेली, असे व्हायला नको.

म्हणून नवा माणूस रुजू होईल त्या दिवशी नमुना 11, म्हणजे आधीच्या सदस्यत्वाविषयी त्याने भरून द्यायचे घोषणापत्र, स्वतःच्या हातात घ्यावा. त्यात तो पूर्वी पीएफचा आणि पेन्शन योजनेचा सदस्य होता का, हे दोन वेगवेगळे प्रश्न असतात. बहुतेक लोक दोन्हींना एकच उत्तर देऊन सही करतात, कारण रुजू होण्याच्या दिवशी त्यांच्यापुढे कागदांचा ढीग असतो. केवळ त्या उत्तरावर विसंबू नका. त्यांच्या जुन्या यूएएनचे (पीएफच्या कायमच्या सदस्य क्रमांकाचे) पासबुक त्यांच्यासमोर उघडायला सांगा आणि आधीच्या कंपनीच्या महिन्यांत पेन्शनच्या रकान्यात रक्कम आहे की शून्य, ते पाहा. जुना यूएएन असतानाही ‘पहिलीच नोकरी’ असे सांगून नवा काढून घेणारे असतात. त्यांच्या बाबतीत तर हे आणखी आवश्यक आहे. पेन्शनची जमा रक्कम मध्यंतरी काढून घेतली होती का, हेही विचारा आणि उत्तर लेखी ठेवा. शिवाय 58 वर्षे पूर्ण होणाऱ्यांची यादी दर महिन्याला काढा, कारण त्या वयानंतर सर्वसाधारणपणे पेन्शनची वर्गणी थांबते आणि कंपनीचा पूर्ण वाटा भविष्य निर्वाह निधीकडे वळवावा लागतो. सॉफ्टवेअर हे आपोआप करीलच, असे कोणी सांगितले तरी चलन भरण्याआधी ईसीआरमधल्या (दरमहा ऑनलाइन भरायच्या पीएफच्या विवरणपत्रातल्या) त्या ओळी डोळ्यांनी तपासा.

मागच्या महिन्याची फाइल उघडून तिच्यात फक्त हजेरी बदलण्याची जी सवय सगळीकडे दिसते, तिच्याविषयी माझे मत कठोर आहे. त्या सवयीमुळे पहिल्या महिन्यातली चूक पुढच्या प्रत्येक महिन्याच्या कागदावर अधिक खरी दिसू लागते. मार्गदर्शकांविषयीही तसेच. ‘आपल्याकडे असेच चालते’ असे उत्तर देणारे वरिष्ठ कितीही प्रेमळ असले तरी त्यांच्याकडून हे काम शिकू नये, असे मला वाटते. मला पुढे एक निवृत्त लेखापाल भेटले; कोणताही प्रश्न विचारला की ते आधी परिपत्रक काढायला लावत आणि मी ते मोठ्याने वाचल्याशिवाय उत्तर देत नसत. त्या वेळी त्रास व्हायचा, पण माझे खरे शिक्षण त्यांच्याकडेच झाले. दोन-तीन महिन्यांचे पे-रोलचे अभ्यासक्रम मी वाईट म्हणणार नाही, मात्र त्यांत सूत्रे शिकवतात आणि नामंजूर झालेला दावा कसा दुरुस्त करायचा हे क्वचितच शिकवतात.

तुम्ही आधीच अशी चूक केली असेल, तर घाबरून फाइल बंद करू नका. ती दुरुस्त होते. आमच्याकडे आम्ही 1 सप्टेंबर 2014 नंतर रुजू झालेल्या सर्वांची यादी केली, प्रत्येकाचे रुजू होतानाचे वेतन आणि नमुना 11 शेजारी ठेवले, आणि चुकीच्या नोंदींसाठी पीएफ कार्यालयाकडे महिनानिहाय तपशिलासह लेखी विनंती केली. पैसे पीएफ कार्यालयातच असतात, चुकीच्या खात्यात असतात. ते व्याजासह खाते 10 मधून खाते 1 मध्ये वळवता येतात, आणि उलट प्रकरणात उलट दिशेने. त्या अभियंत्यांच्या प्रकरणाला पाच महिने लागले. त्या काळात मी दर पंधरा दिवसांनी त्यांना स्वतः फोन करून काय झाले ते सांगत होते, आणि बऱ्याचदा सांगण्यासारखे काहीच नसायचे. तरीही तो फोन करावा. ज्याचे पैसे अडकलेले असतात त्याला मौन सर्वांत जास्त छळते.

बाकीच्या गोष्टी मी थोडक्यात सांगते. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) वेतनाची 21,000 रुपयांची मर्यादा ओलांडली की लगेच वर्गणी बंद करू नये. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन कालखंड असतात. जूनमध्ये पगार 23,000 झाला तरी सप्टेंबरअखेरपर्यंत पूर्ण वेतनावर कर्मचाऱ्याचे 0.75 आणि कंपनीचे 3.25 टक्के भरावेच लागतात. पुढच्या जानेवारी ते जूनमधला आजारपणाचा लाभ त्यावरच अवलंबून असतो. महाराष्ट्रात व्यवसाय कर फेब्रुवारीत 200 ऐवजी 300 रुपये कापायचा असतो आणि दरमहा 25,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना तो माफ आहे. नोकरी सोडणाऱ्याची शेवटची तारीख पीएफच्या संकेतस्थळावर त्याच महिन्यात भरा, नाहीतर त्याचा दावा पुढे सरकत नाही.

भत्त्यांच्या बाबतीत मात्र सावध राहा. मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवून उरलेली रक्कम ‘विशेष भत्ता’ या नावाखाली दाखवण्याची पद्धत तुम्हाला अनेक ठिकाणी दिसेल. सर्वांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफसाठी मूळ वेतनातच धरावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2019 रोजी दिला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या वेतनाच्या व्याख्येनुसार वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर निम्म्याच्या वरची रक्कम वेतनातच मोजली जाते. याचा परिणाम ग्रॅच्युइटीवर थेट होतो, कारण तिचे सूत्र, शेवटचे वेतन गुणिले 15 भागिले 26 गुणिले सेवेची वर्षे, त्याच वेतनावर चालते. मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांना ती आता पाच नव्हे, तर एका वर्षाच्या सेवेनंतर मिळते. जुन्या नोट्समधून शिकत असाल, तर हा भाग त्यांत सापडणार नाही.

त्या अभियंत्यांचे पैसे व्याजासह जमा झाले तेव्हा त्यांनी पासबुकाच्या त्या पानाचे छायाचित्र मला पाठवले. आता नव्या माणसाचा नमुना 11 हातात घेतला की मी आधी त्याला खुर्ची देते, पासबुक उघडायला सांगते आणि पेन्शनचा रकाना आम्ही दोघे मिळून वाचतो. त्याला दहा मिनिटे लागतात.