तळ्यात कचरा उचलणारा ड्रोन सोडताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

पाण्यावरचा ड्रोन म्हणजे रिमोटवर नाहीतर जीपीएसवर चालणारी छोटी बोट, पुढे तोंड उघडं आणि मागे जाळी, तरंगणारा कचरा गिळत जाते. रॉटरडॅमच्या रॅनमरीन कंपनीचा वेस्टशार्क यातला गाजलेला, त्याचेच व्हिडिओ बघून आम्हालाही किडा चावला. पीव्हीसी पाइपचे दोन तरंगे, दोन थ्रस्टर (पाण्यात बोट ढकलणारी मोटर आणि प्रोपेलरची जोडी), वर पिक्सहॉक (बोटीचा मेंदू, छोटा कंट्रोलर), त्यात आर्डूपायलट (बोट आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर), झाली बोट. आणि मग गावातल्या तळ्यावर पहिल्याच दिवशी नारळ फोडला, कुणीतरी भक्तिभावाने हार पाण्यात सोडला, बोटीने तोच गिळला आणि हाराचा दोरा उजव्या प्रोपेलरला बसला. पहिली ट्रिप चार मिनिटांची.

तर पहिली चूक तीच, प्रोपेलर उघडा ठेवणं. बाटल्यांनी बोट अडत नाही, दोऱ्यांनी अडते. गणपतीनंतर हाराचे दोरे, संक्रांतीनंतर नायलॉनचा मांजा, आणि वर्षभर कुणाच्या तरी गळाची तंगूस. मांजा तर दिसतही नाही, शाफ्टवर घट्ट बसतो, मोटर जोर लावत राहते आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) तापून जातो. थ्रस्टरभोवती जाळीचं कव्हर बसवा, आणि दर फेरीला बॅटरी काढून (हे विसरू नका, बोटं जातील) शाफ्ट हाताने फिरवून बघा. जड फिरला तर दोरा आहेच. डब्यात जुनी ब्लेड आणि चिमटा ठेवाच.

बोट गोल गोल फिरते, हा प्रश्न तर सगळेच विचारतात. आधी मॅन्युअल मोडवर टाका. तिथेही फिरत असेल तर एक थ्रस्टर अडकलाय किंवा उलटा फिरतोय, उलटा फिरत असेल तर ब्रशलेस मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा, काम झालं. मॅन्युअलला सरळ जाते आणि ऑटोलाच भिरभिरते, तर कंपास बघा. आम्ही कंपास बॅटरीच्या जाड वायरींना चिकटवला होता, आमचाच शहाणपणा. मग फूटभर उंच दांडीवर चढवला आणि पुन्हा कॅलिब्रेट केला, तेही पार्किंगमध्ये गाड्यांच्या मध्ये उभं राहून नाही, मोकळ्यावर.

बॅटरीचं गणित घरच्या टबात करू नका. जाळी रिकामी असताना बोट जेवढी धावते तेवढी भरल्यावर धावत नाही, भिजलेलं निर्माल्य म्हणजे ओल्या गोधडीसारखं जड, आणि परत येताना नेमका वारा तोंडावर असतो. निम्मी बॅटरी झाली की वळवा. फेलसेफ (बॅटरी उतरली किंवा सिग्नल तुटला तर बोट आपोआप परत आणणारी सोय) लावा, पण साधा आरटीएल (रिटर्न टू लाँच, निघाली तिथे परत) सरळ रेषेत घरी निघतो, मध्ये कारंजं असो की पाणकणसाचं बेट, त्याला काय घेणं. गेली त्याच वाटेने परत येणारा स्मार्टआरटीएल मोड आहे, तो वापरा. आमची एकदा पाणकणसात घुसली, तराफ्यावरून जाऊन काढायला दोन तास.

आता सगळ्यात मोठी चूक, जलपर्णीवर ही बोट सोडणं. अहो ती झाडं एकमेकांत गुंतून सतरंजी करतात आणि पोषक सांडपाणी मिळालं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होतात. त्याला हार्वेस्टर मशीन नाहीतर माणसं लागतात, आपली बोट फक्त कडेचे सुटे तुकडे ओढेल. शिवाय पावसाळ्यात त्या वनस्पतींत टिबुकली आणि वारकरी (पक्षी हो, पंढरीचे नव्हे) घरटी करतात, तिकडे बोट नेऊच नका.

दुसरं म्हणजे तळंभर गस्त घालत बसणं. कचरा फिरत नाही, वारा त्याला एका काठाला नेऊन बसवतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा असला की सगळं ईशान्येच्या कोपऱ्यात, आधी तिथे जा. अमेरिकेत बाल्टिमोरला 2014 पासून मिस्टर ट्रॅश व्हील नावाचं कचरा उचलणारं यंत्र आहे ना, ते तर कचऱ्यामागे धावतच नाही, जोन्स फॉल्स नदीच्या तोंडाशी बसून राहतं, प्रवाहाच्या पाणचक्कीवर आणि सोलरवर चालतं, कचरा स्वतःच वाहत त्याच्याकडे येतो. तुमच्या तळ्याला नाला मिळत असेल तर तिथे तरंगता अडसर बांधा आणि बोटीला फक्त त्याच्यापुढचं काम द्या. नाल्यातून येणारं मैलापाणी मात्र बोट थांबवणार नाही, कुणी बोट बघून 'झालं की तळं साफ' म्हणाला तर मान डोलावू नका.

जाळी रिकामी करताना ग्लोव्हज आणि गमबूट, हौस म्हणून नाही, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा आजार) होतो आणि पायाला साधी चीर असली तरी पुरते.

आणि काढलेला कचरा कुठे जाणार, हे आधी ठरवा. आम्ही ठरवलं नव्हतं. शनिवारी अकरा पोती काठावर रचून फोटो काढले आणि घरी गेलो, रविवारी घंटागाडी येत नाही, रात्री कुत्र्यांनी पोती फाडली आणि पहाटे पाऊस झाला. सोमवारी जाळीत पहिला आला तो चिप्सचा तोच लाल पुडा, शनिवारच्या फोटोत पुढेच दिसतोय.