कॉस्प्ले स्पर्धा भरवताय? आधी दारं मोजा

कॉस्प्ले म्हणजे ॲनिमे (जपानी कार्टूनपट) किंवा कॉमिक्समधल्या पात्राचा पोशाख घालून त्याचं सोंग घेणं. त्याच्या स्पर्धेसाठी सभागृह बघायला जाताना खिशात मोजायचा टेप हवा. खुर्च्या किती, एसी चालतो का, हे तिथला व्यवस्थापक सांगतो. मेकअप रूमचं दार किती रुंद आहे हे कुणी सांगत नाही. नाशकातल्या आमच्या पहिल्या स्पर्धेत सिन्नरहून आलेल्या मुलीचे पंख त्या दारात अडकले. फोमचं एकेक पीस तिने दोन महिने रात्री बसून कापलं होतं. चौकटीला घासून डाव्या पंखाची अख्खी ओळ निघाली, आणि नाव पुकारलं तेव्हा ती जिन्यावर बसून पिसं वेचत होती. तेव्हापासून दार, जिना आणि विंगेतली मोकळी जागा मी स्वतः मोजतो आणि आकडे प्रवेशअर्जावरच छापतो. मुखवट्यातून पायाखालचं दिसत नाही, म्हणून पायऱ्यांच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावा आणि हात धरायला एक जण उभा ठेवा.

तारीख डिसेंबर-जानेवारीतली घ्या. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ग्लू गनच्या गरम गोंदाचे जोड सुटतात आणि फोमच्या चिलखतात माणूस उकडून निघतो.

शस्त्रांचे नियम महिनाभर आधी कळवा. फोम, पुठ्ठा, थर्माकोल चालेल. धातूचं पातं आणि छऱ्याची बंदूक अजिबात नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे शस्त्रं बाळगण्यावरचे मनाई आदेश शहरात वरचेवर लागू असतात, तेव्हा पोलीस ठाण्यात लेखी पत्र देऊन पोच घ्या. सीबीएसला (मध्यवर्ती बस स्थानकावर) उतरून रिक्षाने येणाऱ्या मुलांना सांगा, तलवार फोमची असली तरी कापडात गुंडाळूनच आणा. दारावर प्रत्येक वस्तू हातात घेऊन तपासा आणि तपासलेलीला रंगीत फीत बांधा.

परीक्षण दोनदा व्हावं, याबाबत मी हट्टी आहे. मंचावरच्या दिव्यांत शिवण दिसत नाही. सकाळी प्रत्येकाला पाच मिनिटं द्या, परीक्षकांनी कापड हातात घेऊन बघावं, पोशाख घडतानाचे फोटो बघावेत. परीक्षकांत एक शिवणकाम जाणणारा, एक ॲनिमे-कॉमिक्समध्ये मुरलेला आणि एक रंगभूमीवरचा असावा. नाशकात नाटकवाल्यांची वानवा नाही. आम्ही १०० पैकी ५० गुण कारागिरीला, ३० पात्राशी साम्याला, २० सादरीकरणाला देतो. विकतचा पोशाख वेगळ्या गटात. मुलाने स्त्रीपात्र किंवा मुलीने पुरुषपात्र घेतलं म्हणून एकही गुण कापू नका. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती अण्णा साळुंके या पुरुषानेच वठवली होती.

वेळेचं गणित साधं आहे: ४० स्पर्धक, मंचावर दीड मिनिट, ये-जा एक मिनिट, म्हणजे १०० मिनिटं. संगीताच्या फाइली आदल्या दिवशी मागवा, क्रमांक घालून दोन पेन ड्राइव्हवर ठेवा.

विंगेत दुरुस्तीचं टेबल मांडा. त्यावर ग्लू गन आणि भरपूर कांड्या, फेविक्विक, सेफ्टी पिना, सुई-दोरा, वेलक्रो, काळी टेप, कात्री. प्लग जवळ हवा, नाहीतर एक्स्टेन्शन बोर्ड. पाण्यासोबत स्ट्रॉ ठेवा. हातमोजे आणि शिरस्त्राण घातलेल्याला बाटली तोंडाला लावता येत नाही आणि तो तासन्‌तास तहानलेला बसतो. मुलींची कपडे बदलायची खोली वेगळी, आतून कडी लागणारी, दाराशी स्वयंसेविका.

फोटोआधी विचारायचं, अंगाला हात लावायचा नाही, हे प्रवेशद्वारावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि निवेदकाकडून दर अर्ध्या तासाने म्हणवून घ्या. तक्रार आली तर कुणाकडे जायचं, त्याचं नाव आणि फोनही तिथेच.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. जितकी रक्कम हातात आहे तितकीच बक्षिसं जाहीर करा आणि त्याच संध्याकाळी द्या. बक्षीस न मिळालेल्यांनाही गुणपत्रिका द्या, खाली परीक्षकांच्या हस्ताक्षरात दोन ओळी: काय जमलं, कुठला जोड पुढच्या वेळी नीट करायचा.