आजोबांचं घड्याळ सापडलंय? पॉलिशला टाकायची घाई नको
आजोबांचं एचएमटी कंपनीचं ‘जनता’ किंवा ‘पायलट’ मॉडेल कपाटात सापडलं की लगेच चकचकीत करून नवी डायल टाकायला देऊ नका प्लीज, मूळ डायल आणि काटे हेच त्याचं खरं मोल, पुन्हा रंगवलेल्या डायलची घड्याळं बाजारात ढिगाने मिळतात. बंद असेल तर सारखी चावी देऊन बघू नका, आतलं तेल सुकलेलं असतं, पार्ट झिजतात. जनता तर भरपूर बनली, त्यामुळे किंमत काढायला पैसे घालवण्यापेक्षा सर्व्हिसिंग करून मनगटावर घाला. पण सोन्याची केस (घड्याळाची बाहेरची बॉडी) किंवा जुनं ओमेगा हे स्विस घड्याळ असेल तर मात्र कुठलंही काम करायच्या आधी जाणकाराला दाखवा, आणि बिल, डबा, काढलेले जुने पार्ट काहीही फेकू नका.