खाऱ्या टँकमधलं शेवाळ उपाशी ठेवू नका

चिटो, कॉलर्पा किंवा लाल ग्रॅसिलेरिया ही समुद्री शेवाळं टँकमध्ये लावणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: पंधरा दिवस छान वाढलं, मग विरघळून गेलं. संशय आधी लाइटवर जातो, पण बहुतेक वेळा कारण वेगळंच निघतं. काचेवर हिरवा थर येऊ नये म्हणून फॉस्फेट शोषणारं मीडिया लावलेलं असतं, स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) चोवीस तास चालू असतो आणि टेस्ट किट नायट्रेट शून्य दाखवतं. अशा पाण्यात शेवाळाने खायचं काय?

खालची मापं 2 × 1 × सव्वा फुटाच्या टँकची आहेत. दगड-वाळू धरून त्यात प्रत्यक्ष पाणी साधारण 50 लिटर बसतं. त्याला सुमारे 1.8 किलो मरीन सॉल्ट लागतं. ते आरओ पाण्यात, पंप चालू ठेवून, आदल्या दिवशीच विरघळवा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजणारं उपकरण) विशिष्ट गुरुत्व 1.025 आलं की वापरा. घरच्या प्युरिफायरला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असेल तर तो नळाचं पाणी परत मिसळतो, म्हणून मीटर लावून बघा. 10 च्या आत हवं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतंच. रोज उडून जाणारं पाणी मात्र साध्या आरओने भरा. वाफ होते ती पाण्याची, मीठ टँकमध्येच राहतं.

तापमान 24 ते 26 अंश ठेवा, 29 च्या वर नको. पुण्या-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर झोत मारणारा छोटा पंखा दोन-तीन अंश सहज उतरवतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तोच पंखा फारसं काही करत नाही. तिथे एसीची खोली किंवा चिलर धरूनच बजेट करा.

लाइट 6500 केल्विनचा पांढरा एलईडी, 20 ते 30 वॉट, रोज 10 ते 12 तास. कोरलचे निळे लाइट लावायचं काही कारण नाही. चिटो संपमध्ये (मुख्य टँकला जोडलेली खालची टाकी) ठेवणार असाल तर तिथला लाइट रात्री लावा, म्हणजे रात्री पीएच कमी घसरतो.

आता खाणं. गोड्या पाण्याच्या प्लांटेड टँकची सवय असलेले लोक वाळूत खताच्या गोळ्या पुरतात. चिटो आणि ग्रॅसिलेरियाला मुळंच नसतात, ती सगळ्या अंगाने पाण्यातूनच खातात. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 असू द्या. मासे कमी असतील तर हे आकडे आपोआप येत नाहीत, बाहेरून घालावे लागतात. कृषी सेवा केंद्रात मिळणारं 13:00:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि 00:52:34 म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट, दोन्ही इथे चालतात. एक लिटर आरओत पहिलं 10 ग्रॅम आणि दुसऱ्या बाटलीत दुसरं 1 ग्रॅम विरघळवा. पहिल्यातले 10 मिली घातले की 50 लिटरमध्ये नायट्रेट एक पीपीएमहून थोडं जास्त चढतं. दुसऱ्यातल्या 3 मिलीने फॉस्फेट 0.04 ने. एकदा घाला, दुसऱ्या दिवशी मोजा, मग ठरवा. 19:19:19 चुकूनही नको, त्यात अमोनिया आणि युरिया असतात. सूक्ष्म अन्नद्रव्यं मिसळलेलं पाकीटही टाळा. त्यातलं तांबं गोगलगाई आणि झिंगे मारतं.

शेवाळ नवीन आणलं की टँकच्याच पाण्याच्या बादलीत जोरात झटकून धुवा. छोटे खेकडे आणि एप्टेशिया (टँकभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) तळाला पडतात. हिरवे मणी दिसले, तर ते बबल अल्गी असतं. मणी न फोडता तेवढा तुकडा काढून टाका. चिटोचा गोळा पॉवरहेडच्या (टँकमधला प्रवाह देणारा पंप) प्रवाहात हळूहळू फिरत राहायला हवा. गोळा घट्ट झाला की आतला भाग अंधारात कुजतो. दर दोन आठवड्यांनी तो हाताने विस्कटा आणि अर्धा काढा. टँग किंवा रॅबिटफिश असलेल्या टँकमध्ये ही मेहनत करू नका, आठवड्यात सगळं फस्त होईल. क्लाउनफिश आणि गोबी वाटेला जात नाहीत.

ग्रॅसिलेरियाचा लाल रंग उतरून पिवळट झाला तर नायट्रेट कमी पडतंय. अंगावर तपकिरी गाळ बसला तर प्रवाह कमी आहे. हॅलिमेडा हे शेवाळ घ्यायचं असेल तर कॅल्शियम 400 पीपीएमच्या वर आणि अल्कॅलिनिटी 8-9 डीकेएच (अल्कॅलिनिटीचं एकक) राखा, कारण त्याच्या चकत्या चुन्याच्या असतात.

कॉलर्पाचा प्रकार निराळा. बीजपेशी सोडायची वेळ आली की पानं काचेसारखी फिकट होतात, आणि मग आतलं सगळं पाण्यात सोडून ते मरतं. पाणी हिरवट दुधी होतं, ऑक्सिजन पडतो, मासे वर येऊन धापा टाकतात. लगेच एअरस्टोन आणि स्किमर लावा, फिल्टरमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बन घाला, 30 टक्के पाणी बदला. नियमित छाटणी हा त्यावरचा त्यातल्या त्यात बरा उपाय. छाटताना कात्रीने बारीक तुकडे करू नका, कापलेल्या जागेतून रस झिरपतो. आडवा धुमारा सबंध ओढून काढा.

काढलेलं कॉलर्पा गटारात, खाडीत किंवा समुद्रावर टाकायचं नाही. 1984 मध्ये मोनॅकोच्या समुद्रात दिसलेलं कॉलर्पा टॅक्सिफोलिया पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरलं, आणि 2000 मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरही सापडलं. छोट्या तुकड्यातूनही ते पुन्हा वाढतं. गच्चीवर कडक उन्हात पूर्ण वाळवा, मग कचऱ्यात टाका.